जुन्या पीसी-लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२.२ टाकून बघितलं: अनुभव, अडचणी, प्रश्न सगळं इथेच

घाटवाट:
मंडळी, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतला जो तो एकच विचारतोय की आता जुन्या मशीनचं करायचं काय, मी तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघितली, म्हणून हा धागा काढतोय. माझ्या हाताखाली दोन तऱ्हेची मशीन्स होती. एक म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाला जोडून जी अभ्यासिका आहे तिथले डेस्कटॉप, कोर टू ड्युओ ई ७५००, जी ४१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी रॅम, ३२० जीबीची जुनी हार्डडिस्क. दुसरा माझा स्वतःचा लॅपटॉप, सेकंड जनरेशनचा आय ३, ४ जीबी रॅम. डेस्कटॉप भंगारात द्यावेत असं समितीत चाललं होतं, मी म्हटलं दिवाळीची सुट्टी जाऊ द्या, मला जरा बघू द्या.

विंडोज ११ चा तर प्रश्नच नव्हता. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट म्हणजे सुरू होतानाच सिस्टिम खरी आहे का तपासायची सोय लागते. रुफस हे पेनड्राइव्ह बनवायचं टूल वापरून टीपीएमची अट चुकवता येते हे खरंय, पण ई ७५०० मध्ये एसएसई ४.२ नावाचा प्रोसेसरच्या सूचनांचा संच नाहीये आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तो नसेल तर विंडोज ११ बूटच होत नाही, त्यामुळे तिथे कुठलीच युक्ती चालत नाही.

मग मिंट २२.२ घेतलं, नाव झारा, सप्टेंबर २०२५ मध्ये आलंय, खाली पाया म्हणून उबुंटू २४.०४ हे दुसरं लिनक्स आहे, अपडेट २०२९ पर्यंत मिळणार. मिंट वेगवेगळ्या डेस्कटॉपसह मिळतं, त्यातलं हलकं एक्सएफसीई वालं घेतलं कारण सिनॅमन दिसायला देखणं असलं तरी नुसतं सुरू झाल्यावरच हजार एमबीच्या वर रॅम खातं आणि एक्सएफसीई सातशे-आठशेत भागवतं. ४ जीबीच्या लॅपटॉपवर हा फरक फार नाही जाणवत पण २ जीबीच्या मशीनवर अख्खा खेळ त्यावरच आहे.

आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवलं. हे कोणीही टाळू नका. लाइव्हमध्ये वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, लॅपटॉप मिटून उघडला की परत जागा होतोय का, स्क्रीनचा ब्राइटनेस कमीजास्त होतोय का हे सगळं डिस्कला हात न लावता कळतं. पेनड्राइव्हवरून चालतं त्यामुळे हळू वाटेल, त्यावरून स्पीडचं मत बनवू नका.

आता खरी गोष्ट. इन्स्टॉल सगळं बिनबोभाट झालं, मशीन सुरू करणारा बायोस जुन्या (लेगसी) पद्धतीचा असूनही काही कुरकुर नाही, ग्राफिक्स आपोआप ओळखलं, नेट चालू. पण हार्डडिस्कवर ते मशीन सुरू व्हायलाच दीड-दोन मिनिटं घ्यायचं आणि ब्राउझरमध्ये तिसरा-चौथा टॅब उघडला की डिस्कचा लाल दिवा जो पेटायचा तो विझायचाच नाही, माउसचा बाण सुद्धा अडखळायचा. म्हणजे विंडोजवर होतं तेच. तेव्हा माझं स्पष्ट मत झालंय की अडचण ऑपरेटिंग सिस्टिमची कमी आणि हार्डडिस्क प्लस ब्राउझरची जास्त आहे. तीच डिस्क काढून २५६ जीबीची साधी साटा एसएसडी लावली, बोर्डाचा पोर्ट साटा २ आहे म्हणजे सेकंदाला ३०० एमबीच्या वर जाऊच शकत नाही, तरी मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत लॉगिनला येतं. एक्सएफसीई की सिनॅमन, मिंट की झुबंटू (उबुंटूचंच एक्सएफसीई रूप) या वादात वेळ घालवण्याआधी एसएसडी टाका, बाकी सगळं नंतर.

रॅमबद्दल आणि मराठीबद्दल पुढे लिहितो. तुमचे अनुभव टाका.

काळीकॉफी:
धागा भारी आणि अगदी वेळेवर. एक सांगायचंय, घाई नसेल तर विंडोज १० वर ऑक्टोबर २०२६ पर्यंत काढता येतं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी ईएसयू म्हणजे वाढीव मुदतीची योजना दिलीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतील. ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंग बॅकअप सिंक करा, नाहीतर रिवॉर्डचे १००० पॉइंट वापरा. माझ्या सासऱ्यांच्या लॅपटॉपवर तेच केलंय कारण त्यांचं टॅलीवर काम चालतं आणि ते मोडून चालणार नाही.

घाटवाट:
@काळीकॉफी बरोबर आहे, ज्याचं काम टॅलीवर आहे त्याने उगाच लिनक्सच्या मागे लागू नये. डीएससी टोकनने (पेनड्राइव्हसारख्या यंत्राने) डिजिटल सही करणारे, टेंडर भरणारे, जीएसटीवाले यांनी पण आधी त्या त्या पोर्टलची सही करणारी युटिलिटी लिनक्सवर चालते का ते बघूनच हात घालावा. अभ्यासिकेत यातलं काही नाही. पोरं फॉर्म भरतात, नोट्सच्या पीडीएफ वाचतात, यूट्यूबवर लेक्चर बघतात, फोटो-सही ठराविक केबीत बसवून अपलोड करतात. तेवढ्यासाठी ही मुदत घेऊन ती संपल्यावर परत तिथेच यायचं याला काही अर्थ नाही.

रानजाई:
मी अगदी नवखी आहे, चूक असेल तर सांभाळून घ्या. आईचा जुना लॅपटॉप आहे, तिला फक्त व्हॉट्सॲप वेब, यूट्यूबवर कीर्तनं आणि नातवंडांचे फोटो बघायचे असतात. तिला हे जमेल का? आणि मराठीत टाइप कसं करायचं? ती मोबाइलवर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिते, इनस्क्रिप्ट म्हणजे तो सरकारी मराठी कीबोर्ड तिला येत नाही.

घाटवाट:
@रानजाई ताई, जमेल, आणि या कामांत विंडोजपेक्षा वेगळं असं काही जाणवणार पण नाही कारण सगळं ब्राउझरमध्येच आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, तसंच आहे सगळं.

मराठीसाठी दोन रस्ते. सोपा म्हणजे कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट वाढवायचा, तिथे मराठीचा इनस्क्रिप्ट आहे आणि शिवाय कगप नावाचा फोनेटिक पण आहे. कगपमध्ये के दाबलं की क, जी दाबलं की ग, असं उच्चाराप्रमाणे येतं, फक्त जोडाक्षराला मध्ये हलंत द्यावा लागतो. दुसरा रस्ता, मेनूत इनपुट मेथड म्हणून आहे, तिथून आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम टाका आणि त्यात एम१७एन या गटातलं मराठी आयट्रान्स निवडा. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून लिहायची सवय असेल तर आईंना हा दुसरा जास्त जवळचा वाटेल. लॉगआउट करून परत लॉगिन केल्यावरच तो लागू होतो.

पानगळ_पुणे:
मराठीचा विषय निघालाच आहे तर महत्त्वाचं सांगतो, मी डीटीपीच्या धंद्यात आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या जुन्या फाइल्स लिनक्सवर उघडल्या की नुसता कचरा दिसतो. त्या युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असतात आणि तो फाँट नसला की ते तुकडे परत इंग्रजी अक्षरं आणि खुणा म्हणून दिसतात. शिफ्ट करायच्या आधी सगळं कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, आणि करून झाल्यावर रफार, र्‍य, श्र, ज्ञ एकेक नजरेखालून घाला, हमखास तिथेच घोळ होतो.

दुसरं, सरकारी ऑफिसातून येणाऱ्या वर्ड फाइल्स बहुतेक मंगल फाँटमध्ये असतात. मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, लिनक्सबरोबर येत नाही, त्याच्या जागी लोहित किंवा नोटो फाँट लागतो आणि मग ओळी सरकतात, एका पानाचं पत्र दीड पानावर जातं. वाचायला काही हरकत नाही पण छापून द्यायचं असेल तर आधी पीडीएफ मागून घ्या.

घाटवाट:
@पानगळ_पुणे हे फार मोलाचं लिहिलंत. लिब्रेऑफिसच्या ऑप्शनमध्ये फाँट बदलायचा तक्ता आहे, तिथे मंगलच्या जागी नोटो सॅन्स देवनागरी एकदा लावून ठेवला की निदान प्रत्येक मशीनवर एकसारखं दिसतं. पानं सरकायची ती सरकतातच. आमच्याकडे पुस्तकांची जुनी यादी अशाच फाँटमध्ये होती, ती सध्या कन्व्हर्ट करून तपासतोय.

अंधेरीचा_बंड्या:
राव, २ जीबीवर मिंट कशाला रेटताय, अँटीएक्स हे अगदी हलकं लिनक्स टाका, दोनशे-अडीचशे एमबीत सुरू होतं. आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा सुरू होतो त्या ओळीत मिटिगेशन्स ऑफ टाकून बघा, जुन्या इंटेलवर चांगला फरक पडतो, प्रोसेसरमधल्या स्पेक्टर-मेल्टडाउन या सुरक्षेच्या त्रुटींवरचे जे पॅच आहेत त्यांनीच ही मशीन्स मेलीयत.

घाटवाट:
@अंधेरीचा_बंड्या अँटीएक्स चांगलं आहे, वाद नाही, पण तिथेही ब्राउझर तोच. फायरफॉक्सचे दोन टॅब आणि एक सरकारी पोर्टल उघडलं की ब्राउझर एकटाच हजार-बाराशे एमबी घेतो, मग खाली सिस्टिम दोनशेची आहे की आठशेची याने चार टॅब जास्त उघडतात इतकंच. आणि मी नसताना तिथले ग्रंथपाल काका अपडेट मारणार, प्रिंटर जोडणार, त्यांना मिंटचं अपडेट मॅनेजर आणि मेनू समजतं.

मिटिगेशन्स ऑफचं मात्र मी अजिबात करणार नाही आणि बाकीच्यांनाही सांगतो करू नका. स्पेक्टरचे हल्ले ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधून करता येतात हे तेव्हाच दाखवून दिलं होतं. सार्वजनिक जागेतलं मशीन, पोरं तिथे आधार नंबर टाकतात, फी भरताना बँकेचे पासवर्ड टाकतात, थोड्या स्पीडसाठी ते दार उघडं ठेवायचं नाही. घरात नेटला न जोडलेलं मशीन असेल तर तुमचं तुम्ही ठरवा.

अंधेरीचा_बंड्या:
मान्य, पब्लिक मशीनला नको. मग झेडरॅम तरी लावा.

घाटवाट:
ते लावलंय आणि २ जीबीवाल्यांना मी ते सांगेनच. रॅम भरत आली की झेडरॅम तिच्यातला सध्या न लागणारा डेटा डिस्कवर न फेकता रॅममध्येच दाबून ठेवतं. प्रोसेसरला थोडं काम वाढतं पण तो हार्डडिस्कवर टाकण्यापेक्षा (स्वॅप) कितीतरी बरं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये झेडरॅम-टूल्स शोधा, सेटिंगच्या फाइलमध्ये निम्मी रॅम लिहा, रीस्टार्ट करा.

रॅम वाढवायची तर जी ४१ वाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा, हे दुकानदार पण सांगत नाहीत. बोर्डवर डीडीआर३ लिहिलंय म्हणून कुठलीही ४ जीबीची स्टिक चालत नाही. या चिपसेटला दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा १६ चिप असलेलीच ४ जीबीची स्टिक लागते. एकाच बाजूला ८ चिप असलेली नवीन स्टिक लावली तर एकतर निम्मी दिसते नाहीतर मशीन चालूच होत नाही. दुकानात स्टिक हातात घ्या, दोन्ही बाजू फिरवून बघा, चिप मोजा, मगच पैसे द्या. जुन्या बाजारात तशा स्टिक मुबलक मिळतात.

वाईकर:
माझ्याकडे एक नेटबुक आहे, ॲटम एन२७०, १ जीबी रॅम. मिंटचं काही होईल का? इतकं चिमुकलं आणि कीबोर्ड इतका छान आहे की टाकवत नाही.

सातू_मास्तर:
@वाईकर एन२७० हा ३२ बिटचा प्रोसेसर आहे, मिंटने २० व्या आवृत्तीपासूनच ३२ बिट बंद केलंय. मिंटचंच डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेलं एलएमडीई आहे, त्यात सहाव्या आवृत्तीपर्यंत ३२ बिट होतं, सातवी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली त्यात काढलं. डेबियन १३ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली त्यातही ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. म्हणजे डेबियन १२ किंवा अँटीएक्स. पण त्याहून मोठी अडचण ब्राउझरची, फायरफॉक्सने ३२ बिट लिनक्सचा सपोर्ट १४४ व्या आवृत्तीपर्यंतच ठेवलाय, पुढे फक्त ईएसआर १४० (जास्त मुदतीची आवृत्ती) आणि तेही २०२६ पर्यंत. तेव्हा नेटसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका, लिखाणाला ठेवा. मी तशाच एकावर साधा टेक्स्ट एडिटर टाकून शाळेच्या प्रश्नपत्रिका काढतो, उत्तम चालतंय.

वाईकर:
धन्यवाद मास्तर, लिखाणासाठीच ठेवतो मग.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
माझ्या लॅपटॉपवर (थर्ड जनरेशन आय ५) वायफायच दिसत नाहीये मिंट टाकल्यापासून. बाकी सगळं मस्त. ब्रॉडकॉमचं कार्ड आहे बहुतेक. नेट नाही तर ड्रायव्हर उतरवू कसा?

सातू_मास्तर:
मोबाइल यूएसबी केबलने लावा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटला ते वायरचं नेट म्हणून दिसेल, काही सेटिंग लागत नाही. मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तिथे ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दिसेल, तो निवडा, रीस्टार्ट.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
झालं!! पाच मिनिटांत. आता एकच, यूट्यूब लावलं की पंखा विमानासारखा ओरडतो.

घाटवाट:
यूट्यूब व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने दाबून पाठवतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला या दोन्ही हार्डवेअरमधून उलगडता येत नाहीत, जुनी एच.२६४ येते, त्यामुळे सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर. फायरफॉक्समध्ये एच२६४ईफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते यूट्यूबला एच.२६४ च पाठवायला लावतं. माझ्या आय ३ वर ७२० पी आता निवांत चालतं. १०८० च्या वरचं रिझोल्यूशन त्यात मिळत नाही पण त्या स्क्रीनवर ते कशाला हवंय. आणि इतक्या वर्षांत कधी उघडला नसेल तर एकदा पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घ्या.

नाशिकची_द्राक्षं:
माझ्यात एनव्हिडियाचं ६१० एम कार्ड आहे. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये काहीच येत नाही.

सातू_मास्तर:
येणार नाही. ते फर्मी पिढीतलं कार्ड आहे, त्याला ३९० नंबरचा ड्रायव्हर लागायचा, एनव्हिडियाने तो २०२२ च्या शेवटी थांबवला आणि उबुंटू २४.०४ मध्ये तो नाहीच. नुव्हो नावाचा ओपन ड्रायव्हर आपोआप लागलेला असेल, आणि लॅपटॉपमध्ये बहुतेक इंटेलचं ग्राफिक्स पण असतं, रोजचं काम त्याच्यावरच चालू द्या.

रानजाई:
लाइव्ह चालवून बघितलं, वायफाय-आवाज सगळं आलं! पण फायरफॉक्समध्ये प्रत्येक साइटवर सुरक्षित नाही असं काहीतरी येतंय, पुढेच जाऊ देत नाही. व्हायरस असेल का?

घाटवाट:
ताई, घड्याळात तारीख काय दाखवतंय बघा.

रानजाई:
१ जानेवारी २०१२ 😮

घाटवाट:
तेच. आतला बटणसेल गेलाय, बंद केलं की तारीख मूळपदावर. ब्राउझरच्या हिशोबाने साइटचं सर्टिफिकेट भविष्यातलं ठरतं म्हणून तो अडवतो. आत्ता तारीख हाताने नीट करा म्हणजे चालेल. डेस्कटॉपला सीआर २०३२ चा सेल वीस-तीस रुपयांत येतो आणि कोणीही बदलू शकतं, लॅपटॉपला बहुतेक वेळा वायर असलेला लागतो, तो दुकानातून बसवून घ्या. आणि इन्स्टॉल करायच्या आधी आईंचे सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, मगच पुढे जा.

काळीकॉफी:
प्रिंटरचं काय? आमच्याकडे एचपीचा लेझरजेट १०२० आहे.

घाटवाट:
चालतो. मिंटमध्ये एचपीलिप हा एचपीचा ड्रायव्हर आधीच असतो, फक्त या मॉडेलला एचपीचं वेगळं प्लगइन लागतं, पहिल्यांदा सेटअप करताना नेट चालू ठेवा, ते स्वतः उतरवून घेतं. हा प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) साठवत नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरकडून घेतो, त्यामुळे प्लगइनशिवाय लिस्टमध्ये दिसतो पण छापत नाही आणि माणूस गोंधळतो. ज्यांचा प्रिंटर कॅननच्या कॅप्ट ड्रायव्हरवर चालतो त्यांनी मात्र लाइव्हमध्येच छापून बघावं, तिथे लिनक्सवर फार खटपट आहे.

पानगळ_पुणे:
अभ्यासिकेत लोक डाउनलोडमध्ये मार्कशीट, आधार काय काय सोडून जात असतील. त्याचं काय केलंत?

घाटवाट:
हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवाच होता. मिंटमध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करता येतं, मुळात ते बंद असतं. पोरगा गेस्ट म्हणून बसला, फॉर्म भरला, लॉगआउट केलं की त्याचं फोल्डर, ब्राउझरची हिस्ट्री, सेव्ह झालेले पासवर्ड सगळं पुसलं जातं. पुढच्याला कोरं मशीन. ॲडमिनचा पासवर्ड काकांकडे. लाइट गेली तरी काही बिघडलं नाही अजून, डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत (फाइल सिस्टिम) ईएक्सटी४ आहे, परत चालू होताना स्वतःला तपासून घेते, आणि वरून मिंटमधल्या टाइमशिफ्ट या टूलने सिस्टिमची प्रत काढून ठेवलीय. पोरांना मात्र बजावून सांगितलंय की आपली पीडीएफ पेनड्राइव्हवर किंवा मेलवर घेतल्याशिवाय उठायचं नाही.

अंधेरीचा_बंड्या:
पण गेस्टमध्ये मराठी कीबोर्डचं सेटिंग पण पुसलं जाईल ना दर वेळी?

घाटवाट:
डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमधून लावलं तर पुसलं जातं. म्हणून ते पूर्ण सिस्टिमला लावायचं, इटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये कीबोर्ड नावाची फाइल आहे, त्यात इंग्रजीच्या जोडीला मराठी लेआउट आणि बदलायचं बटण लिहून ठेवलं की कोणीही बसलं तरी मिळतं. आम्ही इनस्क्रिप्ट ठेवलाय. कुणाला फाइलमधल्या नेमक्या ओळी हव्या असतील तर व्यनि करा, पाठवतो.